इंजिनाचा भाता : सुपरचार्जर म्हणजे काय?

इंजिन घेतांना त्याची अश्वशक्ति किती, हें आपण सर्वच विचारतों. ती शक्ति येते कोठून, हें मात्र क्वचितच विचारतों. हल्लीं ट्रॅक्टर व मालमोटारी विकतांना ‘टर्बो’ हा शब्द पुढें करण्यांत येतो. त्याचा अर्थ न समजतां पैसे मोजणें म्हणजे सातबारा न वाचतां जमीन घेणेंच होय. म्हणून या विषयाचें थोडें विवेचन आम्ही येथें करीत आहों.

लोहाराच्या भट्टींत कोळसा कितीहि घातला, तरी भाता चालल्यावांचून लोखंड लाल होत नाहीं. इंजिनाचेंहि तसेंच आहे. वजनानें एक भाग पेट्रोल पुरतें जळण्यास सुमारें १५ भाग हवा लागते. इंधन वाटेल तितकें आंत सोडतां येतें. अडचण हवेची असते. पिस्टन खालीं गेला म्हणजे सिलिंडरांत पोकळी होते व बाहेरची हवा आपल्याच दाबानें आंत शिरते. २ लिटरांचें फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटास ३००० फेरे करीत असेल, तर दर दोन फेऱ्यांस २ लिटर, म्हणजे मिनिटास फार तर ३००० लिटर हवा तें ओढील. या हवेचें वजन साडेतीन किलोंच्या आसपास भरतें. तींत पाव किलोहून अधिक पेट्रोल नीट जळणार नाहीं.

याहून अधिक शक्ति हवी, तर इंजिन मोठें करावें, त्याचे फेरे वाढवावे, किंवा त्याच सिलिंडरांत हवा दाबून भरावी. हवा दाबून भरणारा पंप तो सुपरचार्जर. इंजिनाच्याच दांड्यावरून पट्ट्यानें किंवा दंतचक्रांनीं तो फिरवितात. जर्मनींतील मर्सिडीज मोटारींत तो १९२१ सालीं विक्रीस आला. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर, दुसरे, यांनी १९३० नंतरच्या दशकांत अमेरिकेच्या ड्यूसेनबर्ग कंपनीची ‘एसजे’ जातीची मोटार करवून घेतली होती. तिचें आठ सिलिंडरांचें इंजिन सुपरचार्जरवांचून २६५ व सुपरचार्जरसह ३२० अश्वशक्ति देतें, असें कंपनी सांगे. मात्र वाढता ताण सोसावा म्हणून आंतील कनेक्टिंग रॉडहि अधिक मजबूत घातले होते, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

हा लाभ फुकट नसतो. पंप फिरविण्यास इंजिनाचीच कांहीं शक्ति खर्च होते. शिवाय दाबलेली हवा तापते; सायकलींत हवा भरतांना पंप गरम होतो तो याच कारणानें. तापलेली हवा फुगते, त्यामुळें दाब दीडपट केला तरी हवेचें वजन सव्वापटीच्या आसपासच वाढतें. म्हणून पुष्कळ इंजिनांत ती हवा थंड करून मग आंत सोडतात.

टर्बोचार्जर हा याचाच भाऊ. तो इंजिनाच्या दांड्यावर न चालतां बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरानें फिरतो. स्वित्झर्लंडचे इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी यांनी त्याचें पेटंट १९०५ सालीं घेतलें. डिझेल इंजिनास तो विशेष मानवतो, कारण तेथें प्रथम नुसती हवाच दाबली जाते व डिझेल मागाहून येतें. पेट्रोलप्रमाणें अवेळीं भडका उडण्याचें भय नसतें. रेल्वेच्या डब्ल्यूडीएम-२ या डिझेल इंजिनास १६ सिलिंडरांतून २६०० अश्वशक्ति मिळे, ती याच युक्तीनें. ठाण्यास वर्तकनगरापासून जवळच असलेल्या घोडबंदर मार्गावरून भरलेल्या मालमोटारी जातात, त्यांच्या इंजिनांवरहि बहुधा हाच टर्बो असतो.

आतां आपल्या व्यवहाराचें. जुन्या ट्रॅक्टरवर बाहेरून टर्बो बसवून देतों, असें कोणी म्हटल्यास सावध राहावें. ज्या इंजिनाचे पिस्टन, रॉड व बेअरिंगें त्या ताणासाठीं घडविलीं नाहींत, तें अधिक शक्ति देईल, पण लवकर मोडेल. भाताच्या लहान खाचरांत हलकें काम असेल, तर साधें इंजिन पुरतें. जड रोटाव्हेटर व भरलेली ट्रॉली रोज ओढावयाची असेल, तर कारखान्यांतूनच टर्बो बसविलेलें घ्यावें.

तें घेतल्यास तीन नियम पाळावे. मळणीच्या दिवसांत हवेची गाळणी वारंवार साफ करावी, कारण अतिवेगानें फिरणाऱ्या चक्रास धूळ घातक होते. वंगण ठरल्या मुदतींत बदलावें. जड कामानंतर इंजिन एकदम बंद न करितां दोन-तीन मिनिटें विनाभार चालूं द्यावें. नाहींतर तापलेल्या दांड्याचें वंगण थांबून तें तेथेंच जळतें व बेअरिंग जातें. टर्बोची दुरुस्ती महाग असते; हीं दोन-तीन मिनिटें त्या मानानें स्वस्त आहेत.