नवी राष्ट्रे, जुने शेजारी : भाग ७
एकाला माफी, दुसऱ्याशी दावा

२० मे २००२. पूर्व तिमोरच्या स्वातंत्र्यसोहळ्यात इंडोनेशियाच्या अध्यक्ष मेगावती सुकर्णोपुत्री व्यासपीठावर आल्या आणि नवे राष्ट्राध्यक्ष झनाना गुस्माव यांनी त्यांचा हात हातात घेऊन उंचावला. याच गुस्मावांना १९९२मध्ये पकडून इंडोनेशियाने जकार्ताच्या तुरुंगात डांबले होते.

ही जखम किरकोळ नव्हती. १८४४पर्यंत गोव्याच्या हाताखाली असलेली ही पोर्तुगीज वसाहत इंडोनेशियाने ७ डिसेंबर १९७५ रोजी सैन्य घुसवून बळकावली. पुढच्या २४ वर्षांत गोळीने, उपासमारीने आणि रोगराईने किमान १,०२,८०० माणसे गेली, असा तिमोरच्या सत्यशोधन आयोगाचा अंदाज आहे. ३० ऑगस्ट १९९९च्या सार्वमतात ७८.५ टक्के लोकांनी स्वातंत्र्य मागितले, तेव्हा लष्कराच्या आश्रयाखालील टोळ्यांनी जवळपास सारा देश जाळला.

तरीही माफी का? उत्तर नकाशात आहे. बेटाचा पश्चिम भाग इंडोनेशियाचा. ओएकुसी हा तिमोरचा जिल्हा तर तीन बाजूंनी इंडोनेशियाने वेढलेला. बाजारातला बराचसा माल तिथूनच येतो. अशा शेजाऱ्याच्या सेनानींना कोर्टात खेचण्याची ताकद तिमोरकडे नव्हती. २००५मध्ये दोन्ही देशांनी संयुक्त ‘सत्य व मैत्री आयोग’ नेमला, पण त्याला खटले भरण्याचा अधिकारच दिला नाही. १९९९च्या अत्याचारांची संस्थात्मक जबाबदारी इंडोनेशियाच्या लष्करावर, पोलिसांवर आणि मुलकी प्रशासनावर येते, असे त्याने २००८च्या अहवालात नोंदवले. इंडोनेशियाच्या सेनानींपैकी मात्र कोणाचीच शिक्षा कायम राहिली नाही. या धोरणाने देश सावरला हे खरे; पण त्याची किंमत ज्यांची माणसे मारली गेली त्यांनी मोजली, आणि ती मोजायची का, हे त्यांना कोणी विचारले नाही.

ऑस्ट्रेलियाची गोष्ट उलटी. १९९९मध्ये शांतिसेनेचे नेतृत्व करून तिमोरला वाचवणारा हा मित्र समुद्रतळातल्या वायूची वाटणी निघताच कठोर झाला. तिमोर स्वतंत्र होण्याच्या जेमतेम दोन महिने आधी, मार्च २००२मध्ये, सागरी हद्दीच्या वादांपुरता त्याने आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा अधिकार नाकारला. २००६च्या कराराने हद्दीचा प्रश्न ५० वर्षे पुढे ढकलला. वाटाघाटींच्या काळात ऑस्ट्रेलियाच्या हेरांनी मंत्रिमंडळाच्या कार्यालयात चोरून ऐकण्याची यंत्रे बसवली होती, असा आरोप तिमोरने पुढे केला.

मग तिमोरने कायद्याचे पुस्तक उघडले. संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्यात सक्तीच्या सामोपचाराची एक तरतूद आहे. तोवर ती कोणत्याही देशाने वापरली नव्हती; २०१६मध्ये तिमोरने वापरली. ६ मार्च २०१८ रोजी न्यूयॉर्कमध्ये करार झाला. हद्द बरीचशी मध्यरेषेवर आली आणि ‘ग्रेटर सनराइज’ वायूक्षेत्रातला किमान ७० टक्के महसूल तिमोरच्या वाट्याला आला.

यातली सर्वांत बोलकी गोष्ट देशांतर्गत आहे. करार घडवणारे मुख्य वाटाघाटीकार गुस्माव त्या वेळी विरोधी पक्षात होते. ६५ सदस्यांच्या संसदेत त्यांचे आणि सत्ताधारी फ्रेटिलिनचे हाडवैर. अल्पमतातले ते सरकार विरोधकांनी खिंडीत गाठले होते. तरी समुद्राच्या प्रश्नावर देश एका आवाजात बोलला. सोळा वर्षांच्या लोकशाहीसाठी ही कमाई मोठीच म्हणायची.

ऑक्टोबर २०२५मध्ये तिमोर ‘आसियान’चा अकरावा सदस्य झाला, इंडोनेशियाच्या पाठिंब्याने. त्याच इंडोनेशियाबरोबरची सागरी हद्द मात्र अजून ठरायची आहे.

(पुढील भागात : तिमोरचा पेट्रोलियम निधी)