तंटा मिटला, माणसे मिळाली काय?

भंडाऱ्याहून तुमसरकडे जाणाऱ्या रस्त्यावर मोहाडी हे तालुक्याचे गाव आहे. तालुका धानाचा. धानाच्या शेतीत बांधी, पाट आणि धुरा यांवर शेतकऱ्याचा संसार उभा असतो आणि अनेकदा यांवरूनच तो मोडतोही. वरच्या बांधीतले पाणी खाली केव्हा सोडावयाचे, धुरा कोणी किती कोरला, चुरण्याच्या दिवसांत बंडी कोणाच्या शेतातून न्यावयाची, ही येथील भांडणांची नित्याची कारणे होत. कायद्याने त्यांची दखल घेतलेली आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ अन्वये हद्दीवरून रस्ता देण्याचा अधिकार तहसीलदारास आहे. निकाल लागतो, रस्ताही मिळतो. शेजार मात्र परत मिळत नाही. असे का व्हावे?

याचे कारण असे की, भांडणात मागणी ऐकली जाते, गरज ऐकली जात नाही. ‘माझ्या शेतातून बंडी जाणार नाही’ ही एका भावाची मागणी असते. तिच्यामागे उभे पीक तुडविले जाऊ नये ही गरज असते आणि बहुधा आणखी एक असते : ‘मला विचारावयास हवे होते.’ दुसरा भाऊ म्हणतो, ‘रस्ता माझ्या हक्काचा आहे.’ त्याची गरज एवढीच की, अवकाळी पाऊस येण्यापूर्वी धान घरी यावे. मागण्या समोरासमोर ठाकल्या की एकाने हरल्यावाचून गत्यंतर नसते. गरजा शेजारी शेजारी ठेवल्या, तर कापणीनंतर धुऱ्याच्या कडेने वाट काढणे दोघांनाही सुचू शकते. पण त्यासाठी आधी कोणीतरी विचारावे लागते आणि विचारणे हा कमीपणा आहे, अशी आपल्याकडे दृढ समजूत आहे.

गांधीजींच्या वकिलीतील एक प्रकरण या संदर्भात उद्बोधक आहे. १८९३ साली ते दक्षिण आफ्रिकेत गेले ते दादा अब्दुल्ला यांच्या दाव्यासाठी. प्रतिवादी तय्यब शेठ त्यांचेच आप्त आणि एकाच गावचे. खटल्यात दोघेही बुडतील, हे ओळखून गांधीजींनी लवाद घडवून आणला. निकाल दादा अब्दुल्लांच्या बाजूने लागला. परंतु सुमारे ३७ हजार पौंड आणि खर्च एकरकमी देणे तय्यब शेठना अशक्य होते, आणि दिवाळखोरी त्या समाजात मरणाहून लाजिरवाणी मानली जाई. तेव्हा गांधीजींनी जिंकलेल्या पक्षाला दीर्घ मुदतीचे हप्ते मान्य करावयास लावले. लवादास राजी करण्यापेक्षा हे अधिक अवघड गेले, असे त्यांनी नमूद केले आहे. साहजिकच आहे, निकाल मागणीचा लागला होता, हप्त्यांनी हरलेल्याची गरज जाणली.

त्याच गांधीजींच्या नावाने १५ ऑगस्ट २००७ पासून राज्यात तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने गावोगाव समित्या स्थापन झाल्या, तंट्यांच्या नोंदी झाल्या, समेट झाले आणि गावांना बक्षिसे मिळाली. कोर्टाच्या पायऱ्या झिजविणाऱ्या अनेकांना तिच्यामुळे दिलासा मिळाला, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु मोहिमेचे माप मिटलेल्या तंट्यांच्या संख्येचे होते. तंटा मिटविण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे दुबळ्याला गप्प बसविणे, हे भान त्या मापात नव्हते.

या भानाची किंमत काय असते, हे मोहाडी तालुक्याइतके कोणी जाणत नसेल. याच तालुक्यातील खैरलांजी येथे २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे या दलित कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुलगे यांची जमावाने निर्घृण हत्या केली. त्यांच्या शेतातून वाट असावी हा गावाचा आग्रह होता. एका मारहाणीच्या प्रकरणात मायलेकींनी साक्ष दिली होती. सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवून सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली. जुलै २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून आठही जणांना २५ वर्षांचा कारावास ठरविला. आणि त्याच २०१० साली खैरलांजी हे तंटामुक्त गाव म्हणून पुरस्कारास पात्र ठरले! तक्रार करणारे घरच उरले नव्हते. मग तंटा कोठून उरणार?

शेतातील वाटेची कुरबूर हा तंटा असू शकतो; जातीच्या बळावर केलेले हत्याकांड हा तंटा नव्हे, तो गुन्हा आहे. त्याला उत्तर कायद्याचेच हवे. संवादाची मर्यादा येथे स्पष्ट होते. अहिंसक संवादाची पद्धत रूढ करणारे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शल रोझेनबर्ग (१९३४–२०१५) यांनी विनंती आणि मागणी यांतील भेद एका कसोटीने सांगितला : नकार मिळाल्यावर मागणारा काय करतो? नकाराची शिक्षा होत असेल, तर शब्द कितीही गोड असोत, ती मागणीच. भोतमांगे कुटुंबाला ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक नव्हती. मग त्यांच्याशी बोलणी झाली, असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

हीच कसोटी घरालाही लागू आहे. सासरी गांजलेल्या लेकीला ‘जुळवून घे’ असे सांगितले जाते, धाकट्या भावाला ‘थोरल्याचे ऐक’ असे बजावले जाते, बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते आणि घरात शांतता नांदते, असे समजले जाते. ज्याच्याकडून नमते घेण्याची अपेक्षा नेहमी एकाचकडून असते, ते घर तंटामुक्त नसते, केवळ मुके असते.

म्हणून समेट घडवू पाहणाऱ्याने, मग तो गावचा पंच असो वा घरातील वडीलधारा, प्रथम दुबळ्या पक्षाला वेगळे बसवून ऐकावे. त्याला नकार देता येतो की नाही, याची खात्री करावी. आणि मगच दोघांच्या गरजा एकत्र मांडाव्यात. करुणा म्हणजे दुबळ्याने केलेला त्याग नव्हे. सबळाने स्वतःहून विचारणे आणि ‘नाही’ हे उत्तर राग न धरता ऐकून घेणे, हा करुणेचा आरंभ आहे. गावाचे माप घ्यावयाचेच असेल, तर किती तंटे मिटले याने न घेता, तेथे किती जणांना निर्भयपणे तक्रार करता येते, याने घ्यावे.