कारंज्याच्या वरातीतला फंक

कारंजा घाडग्यात कालच्या वरातीत बँडवाल्यांनी ‘ये मेरा दिल’ धरलं आणि माझे पाय थांबलेच. मंडळी, हे गाणं पार अमेरिकेत जाऊन आलंय! १९७८च्या ‘डॉन’ चित्रपटासाठी संगीतकार कल्याणजी-आनंदजींनी मुंबईच्या वादकांकडून अस्सल फंक, म्हणजे अमेरिकी कृष्णवर्णीयांचं ठेकेबाज नाचसंगीत, वाजवून घेतला. पितळी वाद्यांचे तुटक फटकारे, खालून खेचणारा बास. आणि फंक घडवणारा अमेरिकी गायक जेम्स ब्राउन, त्याच्या बँडचा पहिल्या मात्रेवरचा जोर म्हणजे आपली समच की! २००५मध्ये ब्लॅक आइड पीज या अमेरिकी हिप-हॉप गटानं ‘ये मेरा दिल’ आणि ‘अपराध’ चित्रपटातलं (१९७२) ‘ऐ नौजवान’ घेऊन ‘डोंट फंक विथ माय हार्ट’ रचलं. त्याला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. मूळ दोन्ही गाणी आपल्या आशाताई भोसल्यांनी गायलेली. आज तिन्ही लागोपाठ ऐकाच, बासकडे कान ठेवून.