फिंजानभर अगत्य

इंदूरचे भंवरकुआं आज विद्यार्थ्यांची वसाहत म्हणूनच ओळखले जाते. २०२१ मध्ये या चौकास टंट्या भिल्ल यांचे नाव दिले गेले. लोकांच्या तोंडी मात्र जुनेच नाव आहे. जवळच होळकर विज्ञान महाविद्यालय, खंडवा मार्गावर देवी अहिल्या विश्वविद्यालयाचा परिसर आणि भोवताली स्पर्धापरीक्षांच्या शिकवण्या. माळवा-निमाडातील मुले येथे भाड्याच्या खोल्यांतून राहतात. कुल्हडात चहा देणाऱ्या 'चाय सुट्टा बार'चा आरंभ २०१६ मध्ये येथलाच. पैसे दिले की चहा मिळतो. परंतु 'बसा, आणखी थोडा घ्या' असे म्हणणारे कोणी नसते.

या आग्रहाचे मोल अरब समाजाने फार पूर्वी ओळखले. २०१५ मध्ये युनेस्कोने संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया, ओमान व कतार या देशांतील अरबी कॉफीची नोंद सांस्कृतिक वारशाच्या यादीत केली, ती औदार्याचे प्रतीक म्हणून. पाहुण्यांदेखत बिया भाजाव्यात, खलबत्त्यात कुटाव्यात, उकळून वेलदोडा घालावा, अशी जुनी रीत. दूध नाही, साखर नाही, गोडीला खजूर. चोचीचे 'दल्ला' नामक भांडे डाव्या हाती व बिनकानाचा चिमुकला 'फिंजान' उजव्या हाती धरून वाढणारा प्रथम वडीलधाऱ्यांकडे किंवा मानाच्या पाहुण्याकडे जातो.

फिंजान जेमतेम पाव भरतात. आम्हां मराठी माणसांस हा कंजूषपणा वाटेल. पण मर्म येथेच आहे. थोडे वाढले की यजमानाला पुन्हा विचारावे लागते आणि पाहुण्यावरील लक्ष ढळत नाही. काठोकाठ भरलेला पेला म्हणजे 'आता आटपा' अशी सूचनाच! पाहुण्यानेही निदान एक पेला घ्यावा, तिनांहून अधिक घेऊ नयेत. पुरे झाले की पेला हलकेच हलवावा. बोलावे लागत नाही, कोणी दुखावत नाही.

हीच कॉफी सतराव्या शतकात बाबा बुदन यांनी येमेनहून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरावर रुजवली, असे परंपरा सांगते. मराठी स्वयंपाकघराने तीत दूध, साखर आणि जायफळ घातले. उपवासाला, हळदीकुंकवाला, रात्री रंगलेल्या गाण्याच्या बैठकीला ती आपली झाली. त्याआधी दारी आलेल्यास गूळपाणी होतेच. पदार्थ बदलले, विचारणे टिकले.

ते आता टिकेल काय, हा आमच्यापुढील प्रश्न आहे. होळकरांच्या काळी आपले पूर्वज या मुलुखात आले, तेव्हा तेही परकेच होते. कोणीतरी त्यांना 'या, बसा' म्हटले असेलच. आज आपल्यापैकी कित्येकांच्या माडीवर परगावची मुले राहतात. पहिल्या तारखेला भाडे घेणाऱ्या हाताने एखाद्या संध्याकाळी जायफळाची कॉफीही पुढे करावी. पेला भरलेला नसला तरी चालेल. दुसऱ्यांदा विचारायला मात्र विसरू नये.