पाणी ओसरल्यावरची मदत

२०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तिथे ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका मानतात. राज्यभरातून सांगली-कोल्हापूरकडे मदत निघाली. लोकांनी मन मोठं केलं, यात शंका नाही. मात्र मदत कोणती आणि ती केव्हा पोचते, यावरच तिचा उपयोग ठरतो.

पाणी चढत असताना बाहेरच्या माणसाला करण्यासारखं फार थोडं असतं. बोटी, एनडीआरएफची पथकं, निवारा केंद्रं यांची आखणी जिल्हाधिकाऱ्यांच्या नियंत्रण कक्षातून होते. त्याचा क्रमांक १०७७. २०१९च्या त्या पुरात पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि माणसं दगावली. म्हणजे नुसती बोट असून भागत नाही; लाइफ जॅकेट लागतात आणि बोटीत किती जणांनी बसायचं हे ठामपणे सांगणारं कुणीतरी लागतं. त्याच दिवसांत पुणे-बंगळूर महामार्ग कोल्हापूरजवळ पाण्याखाली होता, ट्रकांच्या रांगा लागल्या होत्या. अशा वेळी शहरातून टेम्पो भरून निघालं, तर त्या रांगेत आणखी एका गाडीची भर पडते. निवारा केंद्राला तयार जेवण, पिण्याचं पाणी, बाळांसाठी दूध, सॅनिटरी पॅड, रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या हव्या असतात. पूर न आलेल्या शेजारच्या गावांतून या वस्तू सर्वांत लवकर येतात.

मोठं काम पाणी उतरल्यावर सुरू होतं आणि नेमकी तेव्हाच बाहेरची मदत आटू लागते. घरात गुडघाभर गाळ असतो. तो ओला असतानाच काढावा लागतो. वाळला की कुदळीशिवाय हलत नाही. म्हणून फावडी, घमेली, गमबूट, हातमोजे, पाण्याचे पंप आणि काम करणारे हात यांना त्या आठवड्यात सोन्याचं मोल येतं. विहिरी उपसून त्यांत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकायची, मेलेली जनावरं खोल पुरायची, वायरिंग तपासल्याशिवाय मेन स्विच चालू करायचा नाही. चिखलात अनवाणी काम करणाऱ्याला लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. त्यामुळे पायांवरच्या जखमा झाकाव्यात आणि ताप आला तर अंगावर न काढता दवाखाना गाठावा. वाचलेल्या जनावरांना वैरण लागते, कारण गोठ्यातला कडबा कुजलेला असतो. दुधावर चालणाऱ्या घराला वैरणीची एक गाडी महिनाभर सावरू शकते.

जुन्या कपड्यांबद्दल स्पष्ट सांगायला हवं. २००४च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर नको असलेल्या कपड्यांचे ढीग साचले होते आणि ते निवडण्याचं मोठं काम ‘गूंज’ संस्थेला करावं लागलं. फाटके, मळके कपडे पाठवल्याने घेणाऱ्याचा मान दुखावतो. शिवाय ते वेगळे करण्यात कार्यकर्त्यांचे दिवस जातात. द्यायचंच तर नवी चादर, नवी अंतर्वस्त्रं, नवी भांडी द्यावीत, तीही तिथल्या कार्यकर्त्यांना विचारून. पैसे दिले तर त्याहून बरं. पैशाला वाहतूक लागत नाही आणि खरेदी तिथल्याच बाजारात झाली, की बुडालेल्या दुकानदाराचाही गल्ला पुन्हा हलतो. मुख्यमंत्री सहायता निधीत देता येतं किंवा आधीपासून त्या भागात काम करणाऱ्या, हिशेब दाखवणाऱ्या संस्थेला.

पैशाइतकंच मोलाचं, पण फारसं कुणाला न सुचणारं काम कागदपत्रांचं आहे. सरकारी मदत पंचनाम्यावर मिळते. घराचा, जनावरांचा, पिकाचा पंचनामा करायला तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक येतात. गाळ काढण्याआधी घराचे, मेलेल्या जनावरांचे फोटो काढून ठेवले तर पुढे वाद होत नाही. आधार, रेशनकार्ड, पासबुक भिजून लगदा झालेलं असतं. अशा वेळी चावडीवर लॅपटॉप आणि प्रिंटर घेऊन आठवडाभर बसणारे दोन-चार तरुण कित्येक कुटुंबांचे अर्ज मार्गी लावतात. नवऱ्यामागे एकटीने घर चालवणाऱ्या बाईचं नाव यादीत आहे ना, हे त्यांनी आधी पाहावं.

बुडालेल्या मजुरीचा मात्र पंचनामा होत नाही. ज्याच्या नावावर सातबारा आहे, त्याला पिकाची भरपाई मागता येते. त्याच शेतात भांगलणीला जाणाऱ्या बाईच्या, भाड्याच्या खोलीत शिवणयंत्र चालवणाऱ्याच्या बुडालेल्या कमाईला पंचनाम्याच्या तक्त्यात रकाना नसतो. ऑगस्टमध्ये ऊस कुजला, की त्यांचं काम पुढचे कित्येक महिने जातं. त्यांच्यासाठी नवं शिवणयंत्र, दोन शेळ्या, मुलांची वह्या-पुस्तकं किंवा दिवाळीपर्यंत दर महिन्याचा किराणा, अशी मदत सप्टेंबरनंतरही चालू ठेवावी लागते.