अँटेनापॉड आयफोनवर का नाही? (भागाचं शब्दांकन)

इअरफोन सापडत नसतील, तर हा भाग इथे वाचा.

आपण भिंगारमधून बोलतो आणि ओळखीचे श्रोते भेटले की एक प्रश्न हमखास येतो. "तुम्ही अँटेनापॉडवर ऐका म्हणता, पण माझ्याकडे आयफोन आहे. त्यावर ते ॲप का नाही? एवढं काय अवघड आहे?" आणि मग हळूच, "डेव्हलपर आळशी आहेत का?"

आळशी नाहीत हो. अँटेनापॉड हे पॉडकास्ट ऐकायचं ॲप. फुकट, जाहिराती नाहीत, कोड सगळ्यांसाठी उघडा. सांभाळणारी माणसं स्वयंसेवक आहेत, आणि ॲप मुळात अँड्रॉइडसाठीच लिहिलेलं आहे.

आता "आयफोनवर पण टाका" म्हणजे नेमकं काय ते बघा. कोड उचलून तिकडे ठेवता येत नाही. अँड्रॉइडचं ॲप जावा-कोटलिनमध्ये असतं, आयफोनचं बहुतेक स्विफ्टमध्ये. डाउनलोड, स्क्रीन बंद असताना आवाज चालू ठेवणं, सगळं जवळजवळ नव्याने लिहायचं. त्याला मॅक लागतो, कारण ॲपलचं एक्सकोड दुसरीकडे चालत नाही. वर ॲपलची फी वर्षाला ९९ डॉलर. गूगल प्लेला एकदाच २५.

पण पैशाचं एक वेळ जमेल. खरी गोम नंतर आहे. दरवर्षी नवं आयओएस येतं, काहीतरी मोडतं. तक्रार येते, आणि ती तपासायला त्या माणसाच्या हातात आयफोनच नसतो! ज्या फोनवर तुम्ही रोज ऐकत नाही, त्यावरची खोट तुम्हाला दिसणार कशी?

पगार असेल तर हे जमतं. पुण्यात रेड हॅटच्या ऑफिसातून बंगाली, तमिळ, गुजराती अशा कितीतरी लिप्यांचे लोहित फॉन्ट वर्षानुवर्षं सांभाळले गेले. कुणीही एक माणूस त्या सगळ्या लिप्या रोज वापरत नसतो, पण ते त्याचं काम असतं. स्वयंसेवकाला असं कोण सांगणार?

व्हीएलसीचंच घ्या, आपल्या सगळ्यांच्या कॉम्प्युटरवरचा तो केशरी शंकू. डिसेंबर २००९ मध्ये त्यांनी जाहीरच केलं की मॅकवर काम करणारे डेव्हलपर उरले नाहीत, असंच राहिलं तर मॅकची आवृत्ती बंद पडू शकते. विंडोज-लिनक्सवाल्यांनी ती ओढत न्यायचं ठरवलं नाही. जाहीर मागणी केली, मॅक वापरणारी माणसं पुढे आली, आणि २०१२ च्या २.० आवृत्तीत मॅकला नवा चेहरा मिळाला. मला हा सरळपणा आवडतो. कुणी लक्ष न दिलेलं ॲप ठेवण्यापेक्षा "आमच्याकडे माणूस नाही" म्हणणं बरं.

तरी एक गोष्ट खुपते. आयफोनवाल्याकडे ॲपल पॉडकास्ट्स आहेच. आपला शो तिथेही ऐकता येतो. पण जुन्या अँड्रॉइडचं काय? आपल्याकडे फोन आधी मुलाकडे, मग आईकडे, मग आजोबांकडे जातो. डेव्हलपरच्या खिशात मात्र बहुतेकदा नवा फोन असतो. जुन्या फोनवर ॲप बंद पडलं तर त्याला कळत नाही, आणि आजोबा काही कळवत नाहीत. ते फक्त ऐकणं सोडतात.

मराठीचंही तेच. 'दऱ्या'मधला अर्धा ऱ्या बिघडून 'दर्या' दिसला, तर मराठी न वाचणाऱ्याला त्यात काहीच चुकीचं वाटणार नाही. ते पकडणार तुम्ही.

म्हणजे आपल्याकडे असं काही आहे जे त्यांच्याकडे नाही: तो फोन आणि ती भाषा. तेव्हा एक तारा देऊन "बकवास ॲप" लिहिण्याआधी त्यांच्या गिटहब पानावर कळवा. फोनचं मॉडेल, अँड्रॉइडची आवृत्ती, ॲपची आवृत्ती. काय दाबलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. शक्य असेल तर स्क्रीनशॉट. इंग्रजी मोडकंतोडकं चालेल, "नॉट वर्किंग" एवढंच मात्र लिहू नका. आणि तेच आधी कुणी लिहिलंय का ते शोधा, नाहीतर रविवारची दुपार त्यांची एकसारख्या तक्रारी जुळवण्यात जाते.

आजोबांचा फोन आज संध्याकाळी मागून घ्या आणि एक भाग लावून बघा. काही अडलं तर आम्हालाही कळवा.