केडगावशेजारचा भुईकोट आणि आयर्लंडचे बंड

अहिल्यानगर (नगर) शहराच्या नैर्ऋत्येस, पुणे रस्त्यावर वसलेले आणि आता महानगरपालिकेच्या हद्दीत सामावलेले केडगाव रेणुकामातेच्या देवस्थानामुळे व नवरात्रातील गर्दीमुळे पंचक्रोशीत ओळखले जाते. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचे केडगाव मात्र दौंड तालुक्यातील, त्याच्याशी या गावाची गल्लत होऊ नये. केडगावाहून शहराकडे निघाले की माळीवाड्याची जुनी वेस लागते आणि शहर ओलांडून भिंगारच्या बाजूला गेले की खंदकाने वेढलेला, बुरुजांचा भुईकोट समोर येतो. ऑगस्ट १८०३ मध्ये दौलतराव शिंद्यांच्या ताब्यातील हे शहर आणि हा कोट पाच दिवसांत इंग्रजांच्या हाती कसा गेला, याचा एक धागा १७९८ च्या आयर्लंडमधील बंडात सापडतो, कारण त्या बंडाच्या वेळी तेथे सरसेनापती असलेला अधिकारीच पाच वर्षांनी शिंद्यांविरुद्धच्या युद्धाची उत्तरेकडील बाजू सांभाळत होता.

फ्रेंच राज्यक्रांतीने प्रेरित झालेल्या ‘युनायटेड आयरिशमेन’ या संघटनेचे बंड मे १७९८ मध्ये पेटले, तेव्हा आयर्लंडमधील सरकारी फौज एकजिनसी नव्हती. नियमित पलटणी थोड्या होत्या. बाकीचा भार परगण्यापरगण्यांतून उभारलेल्या ‘मिलिशिया’वर, तसेच स्थानिक राजनिष्ठांच्या ‘योमनरी’ या तुकड्यांवर होता आणि हे सैन्य लहान लहान ठाण्यांत विखुरलेले असल्याने शिस्त ढासळली होती. सरसेनापती राल्फ ॲबरक्रॉम्बी याने फेब्रुवारीतील जाहीर हुकमात या बेशिस्तीवर कठोर शब्दांत बोट ठेवले, पण सत्ताधाऱ्यांना ते मानवले नाही; त्याला पायउतार व्हावे लागले आणि जनरल जेरार्ड लेक त्याच्या जागी आला. २१ जून रोजी व्हिनेगर हिल या टेकडीवर जमलेल्या बंडखोरांना चारही बाजूंनी कोंडण्याचा बेत लेकने आखला खरा, परंतु जनरल नीडहॅमची फळी वेळेवर पोहोचली नाही आणि त्या मोकळ्या जागेतून हजारो माणसे निसटली. आदल्याच दिवशी डब्लिनला पोहोचलेल्या लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या हाती राज्यकारभार आणि सेनापतिपद अशी दोन्ही सूत्रे एकत्र देण्यात आली. हा तोच कॉर्नवॉलिस, जो १७८६ ते १७९३ या काळात हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल होता. ऑगस्टमध्ये फ्रेंच सेनानी अम्बेर सुमारे ११०० सैनिकांनिशी किलाला येथे उतरला आणि कॅसलबार येथे त्याने लेकच्या फौजेची दाणादाण उडवली. ८ सप्टेंबरला बॅलिनामक येथे त्याला शरण आणले गेले, तेव्हाच ही मोहीम संपली.

लेक पुढे हिंदुस्थानचा सरसेनापती झाला. गव्हर्नर जनरल रिचर्ड वेलस्ली आणि त्याचा धाकटा भाऊ, नगर जिंकणारा आर्थर, हे दोघेही आयर्लंडमध्येच जन्मलेले. आर्थर मात्र १७९७ पासून हिंदुस्थानात असल्याने बंडाच्या धामधुमीत नव्हता. म्हणून आयर्लंडचे धडे त्याने नगरला गिरवले, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. तरीही लष्करी आणि राजकीय अधिकार एकाच हाती सोपवण्याची जी व्यवस्था आयर्लंडमध्ये बंड पेटल्यानंतर करावी लागली, तीच दख्खनमध्ये युद्धाला तोंड फुटण्यापूर्वी, २६ जून १८०३ रोजी झाली आणि आर्थरला कलकत्त्याच्या हुकमाची वाट पाहण्याची गरज उरली नाही. नगरच्या झटपट निकालाचे मूळ तोफांइतकेच या अधिकारपत्रात आहे.

इंग्रज आणि पेशवे यांच्यातील वसईच्या तहानंतर शिंद्यांशी चिघळलेल्या वाटाघाटी ३ ऑगस्टला फिसकटल्या आणि इंग्रज वकील कर्नल कॉलिन्स शिंद्यांच्या छावणीतून निघाला. त्या वेळी आर्थर वेलस्ली नगरच्या दक्षिणेला वाळकी येथे तळ देऊन होता, तर कर्नल स्टीव्हन्सन याची दुसरी फौज निजामाचा मुलूख राखण्यासाठी वेगळी ठेवलेली होती. पावसाने उसंत देताच ८ ऑगस्टला वेलस्लीने कूच केले आणि त्याच दिवशी पेठेवर, म्हणजे तटबंदी असलेल्या शहरावर, शिड्या लावल्या.

हल्ल्यासाठी हार्नेस, वॉलेस आणि व्हेसी यांच्या हाताखाली तीन फळ्या केलेल्या होत्या. पेठेचा तट उंच, मध्येमध्ये बुरूज, पण तटाला आतून फांजी नव्हती. फांजी म्हणजे शिपायाला उभे राहून लढता यावे अशी तटावरची रुंद वाट. त्यामुळे शिडी चढून माथ्यावर पोहोचलेल्या माणसाला पाय टेकायलाही जागा मिळत नव्हती आणि आतले अरब शिपाई व शिंद्यांची कवायती पलटण त्याला समोरून टिपत होते. ७८ व्या हायलँडर्स पलटणीतील कॉलिन कॅम्पबेल या तरुण अधिकाऱ्याचे नाव या चढाईने झाले. इंग्रजी वर्णनांत हायलँडर्सची मर्दुमकी ठळक दिसते. त्याच शिड्यांवर मद्रासच्या शिपायांच्या पलटणीही होत्या, आणि आतून झुंजणारे अरब तर जवळजवळ निनावीच राहिले, ही उणीव नगरच्या इतिहासलेखनाने भरून काढायला हवी.

पेठ पडल्यावर ९ ऑगस्टला वेलस्लीने कोटाची पाहणी केली, रात्रीतून चार तोफांचा मोर्चा बांधला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मारा सुरू झाला. हुसेन निजामशहाने दगडात बांधून काढलेला, १५९६ मध्ये चांदबिबीने मोगलांविरुद्ध लढवलेला आणि १७९८ मध्ये नाना फडणवीस ज्यात कैद होते, तो हा कोट तोफांपुढे लगेच ढासळण्याजोगा नव्हता. परंतु पेठ गेलेली, बाहेरून कुमक येण्याची चिन्हे नाहीत, अशा स्थितीत किल्लेदाराने बोलणी लावली आणि १२ ऑगस्टला १४०० शिबंदी आपले खासगी सामान घेऊन बाहेर पडली.

वेलस्लीच्या लेखी या कोटाचे मोल विजयचिन्हाचे नव्हते. पुण्याशी जोडलेल्या वाटेवर धान्य, दारूगोळा आणि आजारी सैनिक ठेवायला भक्कम जागा मिळाल्यावरच गोदावरीपलीकडे जाणे त्याला शक्य होते; भोवतालच्या मुलखाची वसुली व बंदोबस्त त्याने कॅप्टन ग्रॅहम याच्याकडे दिला, आणि २३ सप्टेंबरच्या असईच्या लढाईपर्यंत त्याची पिछाडी नगरच्या आधारावर सुरक्षित राहिली. त्याच महिन्यात लेकने अलीगढ आणि दिल्ली घेतली. डिसेंबरअखेरच्या सुर्जी-अंजनगावच्या तहाने शिंद्यांचा नगरवरील हक्क संपला, कोट पेशव्यांकडे आला आणि १८१७ च्या पुणे तहाने पुन्हा इंग्रजांकडे गेला. १९४२ ते १९४५ या काळात जवाहरलाल नेहरूंसह काँग्रेसचे नेते येथे स्थानबद्ध होते, म्हणून आज बहुतेकांची पावले नेहरूंच्या खोलीकडे वळतात. लष्कराच्या ताब्यातील या कोटाला भेट देणाऱ्याने त्याबरोबरच खंदकाच्या काठाने एक फेरी घालावी आणि माळीवाड्याची वेसही पाहावी, कारण १८०३ ची खरी झुंज पेठेच्या तटावर झाली होती.